बोर घाटातला तो दगडी रेल्वे पूल चार वर्षांत कसा पडला, आणि बाकीचे अजून कसे उभे आहेत?

प्रश्न असा आहे की मुंबई-पुणे लाइनवरच्या बोर घाटातला म्हौ-की-मल्ली नावाचा दगडी रेल्वे पूल १८६७ साली कोसळला हे खरं आहे का, आणि खरं असेल तर "इंग्रजांचं काम, दीडशे वर्षं झाली तरी हललं नाही" असं जे आपण सगळे म्हणतो त्याचं काय करायचं. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या पुलांच्या देखभालीत गेली, त्यातला बराच काळ घाटात, त्यामुळे जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी सरळ उत्तर. हो, खरं आहे. १९ जुलै १८६७, ऐन पावसाळा. पन्नास-पन्नास फुटांच्या आठ कमानींचा पूल होता आणि घाट सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वाचार वर्षं झाली होती. भूकंप नाही, लढाई नाही, पुलाला काही धडकलं नाही, पूल आपल्याच बांधकामामुळे पडला. आणि आज घाटात जे जुने पूल तुम्ही गाडीतून बघता ते टिकलेत त्यामागं हा पडलेला पूल आहे, हे मला सांगायचंय, कारण ही बाजू कुणी सांगत नाही.

थोडं मागं जाऊ. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, १८४९ ची कंपनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. पुढच्याच वर्षी ठाण्याच्या खाडीवर दगडी कमानींचे पूल बांधून लाइन कल्याणला गेली, १८५६ ला खोपोलीपर्यंत. आणि तिथं समोर सह्याद्री उभा. कंपनीला खरं तर हवं होतं ते घाटाच्या वरचं, म्हणजे दख्खन आणि वऱ्हाडचा कापूस, जो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर घालून खाली आणताना बराचसा धुळीनं नाहीतर पावसानं खराब व्हायचा. म्हणून त्यांनी घाटाची वाट न बघता वरची लाइनही टाकून घेतली, खंडाळा ते पुणे १४ जून १८५८ ला सुरू झाली. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं अशी गेली की मुंबईहून निघालेला माणूस खोपोलीला गाडीतून उतरणार, तिथून पालखी नाहीतर तट्टू नाहीतर पायी घाट चढणार आणि वर खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसणार. मधला तुकडा जुळवायची घाई किती असेल ते यावरून समजा, कारण ही घाई पुढं महागात पडली.

घाटाची आखणी आणि सगळं डिझाइन जेम्स जॉन बर्कली या चीफ इंजिनियरच्या देखरेखीखाली झालं. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पायथ्याला लाइन समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर होती आणि माथ्याला २०२७ फुटांवर, म्हणजे १८३१ फूट चढायचे, तेही साधारण १६ मैलांत. सगळ्यात उभा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढं गेलं की एक फूट वर, आणि रेल्वेसाठी हा चढ भयंकर आहे कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. एके ठिकाणी वळायला जागाच नव्हती तेव्हा रिव्हर्सिंग स्टेशन केलं, गाडी डोंगराच्या टोकावर जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेनं पुढं चढायची. पंचवीसेक बोगदे आणि आठ मोठे दरीवरचे पूल. त्यातले दोन तर पायापासून १५० फुटांहून उंच. खर्च सगळा मिळून ११ लाख पौंडांच्या आसपास, म्हणजे मैलाला जवळजवळ ७० हजार पौंड.

काम सुरू झालं जानेवारी १८५६ मध्ये. ठेकेदार विल्यम फेव्हिएल, हाच तो ज्यानं मुंबई-ठाणे लाइन बांधली होती. पण सपाटीवर माती टाकणं वेगळं आणि घाटात बोगदा फोडणं वेगळं. घाटात वर्षाचे आठच महिने काम, जूनपासून चार महिने सगळं बंद, मजूर गावाला परत, मशागतीला. पुन्हा दिवाळीच्या सुमाराला माणसं गोळा करायची. त्यात कॉलरा, हिवताप. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून मोठी दंगल झाली आणि त्याच वर्षी फेव्हिएलनं काम सोडलं. मग इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार बायकोला घेऊन आला आणि आल्यावर थोड्याच आठवड्यांत, नोव्हेंबर १८५९ मध्ये, आजारी पडून गेला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल. तिनं ठेका सोडला नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनियर व्यवस्थापक म्हणून नेमले, काम पुढं चालू ठेवलं, आणि घाट पूर्ण झाला तो तिच्या ठेक्याखाली. चालू कामाचे फोटोसुद्धा काढले तिनं, त्या काळात, काचेच्या प्लेटांवर. घाटाच्या इतिहासात हिचं नाव मोठ्या अक्षरात यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तिच्या आधी त्या मजुरांचं यायला हवं. १८६१ च्या सुमाराला घाटात एका वेळी ४२ हजारांवर माणसं कामाला होती. बाया होत्या, पोरं होती. वडार, पाथरवट, बेलदार, आसपासचे कुणबी, महार, लांब लांबून पायी आलेली कुटुंबं. दोराला लटकून कड्यावर सुरुंगाची भोकं पाडायची, कारण उभं राहायला जागाच नाही. मेले हजारोंनी, अपघातानं आणि त्याहून जास्त रोगानं. बोगद्याच्या तोंडाशी बांधकामाचं वर्ष कोरलेलं दिसतं, यांच्यापैकी कुणाचं नाव कोरलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

२१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट उघडला. बर्कली ते बघायला नव्हते, ऑगस्ट १८६२ मध्येच इंग्लंडमध्ये वारले, तब्येत इथंच खालावली होती.

आता मुद्द्याचं, पूल का पडला. यासाठी कमानीचा पूल उभा कसा राहतो ते थोडं समजून घ्या, अवघड नाही.

कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात. वरून वजन आलं की ते कमानीच्या दोन्ही पायांकडं जातं आणि पाय बाहेरच्या बाजूला ढकलतं. एकच कमान असेल तर दोन्हीकडं भक्कम अबटमेंट, म्हणजे टोकाचा जाड दगडी आधार, लागतं, ते ढकलणं अंगावर घ्यायला. पण ओळीनं आठ कमानी असल्या की मधल्या खांबावर डावीकडची कमान उजवीकडं ढकलते, उजवीकडची डावीकडं, आणि दोन्ही जोर एकमेकांना मारतात, खांबावर फक्त सरळ खाली वजन येतं. म्हणून मधले खांब सडपातळ ठेवता येतात आणि म्हणूनच हे पूल इतके देखणे दिसतात. यातली मेख अशी की एक कमान गेली किंवा एक खांब खचला की शेजारच्या कमानीचा जोर अडवायला समोर कुणीच नाही, सडपातळ खांब तो आडवा जोर पेलू शकत नाही, तो कलतो, मग पुढची कमान, मग तिच्या पुढची. म्हणून जाणकार डिझायनर चार-पाच गाळ्यांनंतर (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक गाळा) एक खांब मुद्दाम जाड ठेवतात, तुटायची वेळ आलीच तर तोड तिथं थांबावी म्हणून. तुम्ही कधी लांबलचक दगडी पूल बघितला आणि मधेच एक खांब उगाच जाड वाटला तर तो उगाच नाही एवढं लक्षात ठेवा.

पण एक खांब किंवा एक कमान मुळात जाईलच का? इथं चिनाई, म्हणजे दगड चुन्यात रचायचं काम, येते.

घाटातला दगड म्हणजे आपला काळा कातळ, बेसाल्ट. दगड म्हणून याच्यासारखा नाही, दाबाला वाट्टेल तेवढा टिकतो. पण घडवायला महाग. पाथरवटानं टाकी-हातोडीनं एक मोठा दगड सहा बाजूंनी सरळ करायचा तर दिवस जातो, टाक्या झिजतात त्या रोज लोहाराकडं टोक काढायला न्याव्या लागतात. त्यामुळे ठेकेदाराला कायम मोह असतो की दर्शनी थर तेवढा घडीव लावावा आणि खांबाच्या पोटात डबर आणि चुरा भरून वर चुना ओतावा. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशा खांबाची गत बिघडलेल्या करंजीसारखी असते, कड सुबक आणि आतलं सारण सुटं. हे टाळायला नियम असा की ठरावीक अंतरावर लांब दगड आडवे घालायचे, जे दर्शनी थरातून आत पोटात घुसतील आणि दोन्हीला एकत्र शिवतील, आम्ही त्याला थ्रू स्टोन म्हणतो. हे दगड लांब लागतात, जड असतात, चढवायला त्रास, मिळायला त्रास. घाईच्या कामात पहिली काटछाट यातच होते, तेव्हाही व्हायची आणि आज गावात कंपाउंडची भिंत बांधतानाही होते.

दुसरा भाग चुन्याचा. तेव्हा सिमेंट आपल्याकडं नव्हतंच म्हणा, सगळं चुन्यात. चुन्याच्या घाण्यात चुना आणि वाळू घालायची, बैल फिरवायचे, दगडी चाकाखाली मळून मळून तो लोण्यासारखा करायचा. पण चुन्याचे प्रकार असतात. साधा पांढरा शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणजे हवा लागेल तिथंच. दहा-पंधरा फूट जाड खांबाच्या मधोमध हवा कुठून जाणार? तिथं तो वर्षानुवर्षं ओला, मऊ राहतो. जाड बांधकामाला कंकराचा चुना लागतो, ज्यात मातीचा अंश असतो आणि जो पाण्याखालीही घट्ट होतो, नाहीतर साध्या चुन्यात विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळावी लागते. चांगला भाजलेला, नीट विझवलेला, पुरेसा मळलेला, हे सगळं जुळून आलं तर असा चुना दगडासारखा होतो, मी स्वतः जुन्या पुलाला भोक पाडताना ड्रिलचं बिट चुन्यात अडलेलं बघितलंय. आणि दुसऱ्या पुलात बोटानं उकरून निघालेला चुनाही बघितलाय, ओली रेती जशी निघते तसा. दोन्ही एकाच काळातले. बेसाल्टचा आणखी एक तोटा सांगतो, तो पाणी पीत नाही. विटेसारखा चुना शोषून धरत नाही. त्यामुळे त्याला चुन्याची पकड मुळातच कमी, मग चुना हलका असेल तर पकड जवळजवळ शून्य.

आता यावर पाऊस घाला. लोणावळा-खंडाळ्याला वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पडतो आणि तो सगळा चार महिन्यांत. पुलावर रुळ, खाली खडी, त्याखाली भराव, त्याखाली कमान. खडीतून पाणी भरावात जातं, तिथून बाहेर काढायला वाट ठेवलेली नसेल तर ते खांबाच्या पोटात उतरतं. सुट्या डबरातून फिरतं, मऊ चुना धुऊन नेतं. दोन-तीन पावसाळ्यांत आत पोकळ्या होतात. डबर खाली बसतो, बाहेरच्या घडीव थराला आतून रेटा देतो आणि भिंतीला पोट सुटतं. मग वजन पेलायला उरतो तो बाहेरचा फूट-दीड फुटाचा थर, ज्याच्यासाठी हिशोब कधी केलेलाच नव्हता. आणि वरून दिवसरात्र गाड्या, ३७ ला १ च्या चढावर पूर्ण जोर लावून चढणाऱ्या नाहीतर ब्रेक दाबून उतरणाऱ्या, म्हणजे नुसतं उभं वजन नाही, पुलाच्या लांबीच्या दिशेनं रेटाही. म्हौ-की-मल्लीचा पूल चौथ्या-पाचव्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर पडला यात मला तरी नवल वाटत नाही. बरोबर तेवढाच वेळ लागतो.

पुढं जे झालं ते जास्त महत्त्वाचं. या एका पुलानंतर जीआयपीच्या दगडी कामांची तपासणी सुरू झाली आणि निकृष्ट चिनाई ही एका पुलापुरती गोष्ट नाही हे उघड झालं. घाटातले आणि घाटाबाहेरचेही अनेक पूल, मोऱ्या दुरुस्त कराव्या लागल्या, काही पार उतरवून नव्यानं बांधले. त्या काळच्या सरकारी कागदांत यावर भरपूर वाद आहे, ठेका पद्धतीला दोष, देखरेखीला दोष. त्यात तथ्य होतं. कंपनीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती, म्हणजे लाइन चालो न चालो लंडनच्या शेअरवाल्यांना पैसे मिळणार आणि तूट भरणार ती इथल्या महसुलातून, इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. अशा व्यवस्थेत काम लवकर संपवायचं दडपण असतं, नीट करायचं नसतं. त्यात १८६१ पासून अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा धो धो आला, मजुरी वाढली, सामानाचे भाव वाढले आणि जुन्या दरांत ठेका घेतलेल्याला चांगलं काम करणं आणखीच अवघड झालं.

तर "इंग्रजांचं काम टिकतं" याचा हिशोब असा आहे. जे वाईट बांधलं होतं ते पहिल्या काही वर्षांतच पडलं, नाहीतर पडायच्या आत उतरवलं गेलं. आपल्याला दिसतात ते उरलेले आणि सुधारलेले. आणि त्यानंतरची दीडशे वर्षं ते आपोआप टिकलेले नाहीत, त्यांच्यामागं रोज माणसं राबलीत, त्याबद्दल खाली लिहितो.

मधेच थळ घाटाबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना कसारा-इगतपुरीच्या मधला एहेगावचा पूल माहीत असतो आणि तो हाच असं वाटतं. तो वेगळा. थळ घाट १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला, लांबीनं बोर घाटापेक्षा कमी, साडेनऊ मैलांच्या आत, चढ मात्र तोच ३७ ला १. एहेगावचा पूल १८२ फूट उंच आणि ७५० फूट लांब. तिथं मधले मोठे गाळे लोखंडी त्रिकोणी जाळीच्या गर्डरांचे केले आणि दगडी कमानी फक्त टोकांना ठेवल्या. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता, कारण एवढ्या उंचीवर कमान बांधायची तर आधी खालपासून लाकडाचं सेंटरिंग उभारायचं, ते पावसात वाहून जाण्याची भीती, शिवाय गर्डर फक्त खाली वजन देतो, कमानीसारखा बाजूला ढकलत नाही, त्यामुळे एक गाळा बिघडला तरी सगळी रांग जात नाही. गर्डर बदलताही येतो.

आणि दुसरा गोंधळ अमृतांजन पुलाचा. एक्सप्रेसवेवरून जाताना दिसायचा तो, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन चालू असताना स्फोटकं लावून पाडला. तो रेल्वेचा नव्हताच, १८३० चा रस्त्याचा पूल होता, रेल्वे यायच्या आधीचा. रेल्वेचं जुनं रिव्हर्सिंग स्टेशन त्याच परिसरात होतं म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात. ते रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये गेलं, घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा नवीन बोगदे काढून लाइन सरळ केली. त्यानंतर पुढच्या वर्षी डेक्कन क्वीन सुरू झाली. त्यामुळे आज तुम्ही ज्या रुळांवरून जाता तो सगळाच १८६३ चा मार्ग नाही, काही भाग जुना, काही १९२९ चा, तिसरी लाइन तर त्याच्याही बऱ्याच नंतरची. जुना दगड आणि नवा काँक्रीट शेजारी शेजारी दिसतो त्याचं कारण हे.

आता उभे असलेले कसे उभे आहेत. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक पूल हातानं बघायचा, हा शिरस्ता. हातानं म्हणजे अक्षरशः हातानं. शिडी नाहीतर पाळणा लावून कमानीच्या पोटाखाली जायचं आणि छोट्या हातोडीनं एकेक दगड ठोकत जायचं. धड दगड खणखणीत वाजतो, मागं पोकळी असेल तर बद्द आवाज येतो, खडूनं गोल करायचा आणि पुढं. कान तयार व्हायला काही वर्षं जातात पण एकदा तयार झाला की ते यंत्रापेक्षा चांगलं कळतं असं मी मानतो. कमानीच्या खाली पांढरे ओघळ दिसले तर समजायचं की पाणी आतून चुना घेऊन बाहेर येतंय, तिथं वरचा निचरा तुंबलाय. भेग दिसली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवायची आणि तारीख लिहायची. पट्टी शाबूत म्हणजे भेग जुनी आहे, झोपलेली आहे. पट्टी तडकली की भेग हलतेय, लगेच वर कळवायचं, गाडीचा वेग बांधायचा, कॉशन ऑर्डर, म्हणजे ड्रायव्हरला सावकाश जायचा लेखी हुकूम, लावायची. भेग कुठं आहे त्यावरही खूप असतं, कमानीच्या माथ्यावर आडवी भेग म्हणजे खांब हलल्याची शंका, कडेच्या भिंतीखाली लांबीच्या दिशेनं असेल तर भराव बाजूची भिंत बाहेर ढकलतोय.

झाडं हा मोठा शत्रू. पिंपळ, वड, उंबर. पक्ष्यानं बी टाकलं की दगडाच्या सांध्यात रोप येतं, वरून वीतभर दिसतं आणि मूळ आत हातभर गेलेलं असतं. नुसतं ओढून तोडलं की दुसऱ्या वर्षी दुप्पट जोरानं येतं, मुळापर्यंत उकरून, औषध घालून, मग सांधा भरायचा. आणि पाणी जायची भोकं, वीप होल, ती दरवर्षी सळई घालून मोकळी करायची. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही, कुणी उद्‌घाटन करत नाही, पण १८६७ चा पूल माझ्या मते ज्यानं पडला ते आत साठणारं पाणी बाहेर काढणारं हेच काम आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण गावोगावी जुन्या पुलांवर, विहिरींवर, वाड्यांवर हे चाललेलं दिसतं. चुन्यातल्या चिनाईला बाहेरून कडक सिमेंटचं पॉइंटिंग करू नका, म्हणजे सांधे सिमेंटनं भरू नका. दिसतं छान, पण सिमेंट पाणी आत कोंडतं, दगडाच्या कडा फोडतं आणि दोन-चार वर्षांत पापुद्र्यासारखं सुटतं, सुटताना जुना चांगला चुना घेऊन जातं. चुन्याला चुनाच लावा, मिळतो अजून, करणारे गवंडी शोधावे लागतात पण आहेत. पोटात पोकळी असेल तर दाबानं ग्राउट, म्हणजे पातळ कालवलेला मसाला, भरतात, तेही खालून वर, थोडं थोडं, आणि फार दाब द्यायचा नाही नाहीतर तुम्हीच भिंतीला पोट पाडाल. जिथं खांब फारच थकलेत तिथं बाहेरून सळया बांधून काँक्रीटचं जॅकेट घालतात. दिसायला पूल बिघडतो हे मान्य, पण त्यावरून माणसं जातात.

तुम्ही हेही विचारलंय की वाफेच्या छोट्या इंजिनांसाठी बांधलेले पूल आजच्या जड इंजिनांना कसे पुरतात. दगडी कमानीचं बरं असं की तिचं स्वतःचं वजन आणि वरचा भराव गाडीच्या वजनापेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे गाडी जड झाली तरी एकूणात वाढ थोडीच. आणि दगड दाबात कधी चिरडत नाही, त्याची ताकद लागणाऱ्या दाबाच्या कितीतरी पट असते. कमान बिघडते ती आकार बिघडला की, म्हणजे पाया खचला, खांब कलला, किंवा चुना गेला की. तेव्हा चिंता वजनाची कमी आणि पाण्याची आणि पायाची जास्त. घाटात गाडी चढताना मागून बँकर इंजिनं लागतात, पुढून ओढणं आणि मागून ढकलणं, त्यामुळे पुलाच्या लांबीच्या दिशेनं जोर येतो, तो मात्र नेहमी हिशोबात धरावा लागतो.

आणि धोका संपलाय असं अजिबात समजू नका. २०१९ च्या पावसाळ्यात घाटातल्या मंकी हिलच्या भागात डोंगर खचून लाइनचं एवढं नुकसान झालं की घाटातल्या गाड्या बरेच दिवस रद्द होत्या, लोकांना आठवत असेल. कड्याच्या कुशीत, दरडींमध्ये, पाण्याच्या वाटेवर लोकांनी काम केलं, एकाच बाजूनं सामान पोचवून. १८६० च्या मजुरानं जो डोंगर फोडला तोच डोंगर, तोच पाऊस. फरक इतकाच की आता हेल्मेट आहे.

हे पूल बघायला जायचं असेल तर रुळावरून चालत जाऊ नका, कितीही रील बघितल्या असल्या तरी. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घाटात पुलावर बाजूला व्हायला जागा नसते, वळणामुळे गाडी दिसत नाही आणि उतरणारी गाडी जवळ येईपर्यंत ऐकूही येत नाही. कर्जतहून दिवसाउजेडी चढणाऱ्या कुठल्याही गाडीत दरीच्या बाजूची खिडकी धरा. घाटातलं ठाकूरवाडी गेल्यावर वळणावर गाडीचा पुढचा भाग दिसायला लागतो तेव्हा डब्यांच्या खाली बघा, डब्यांकडं नको. खांबांचा रंग बघा, कुठं काळा दगड, कुठं करडं जॅकेट, कुठं पांढरे ओघळ, आणि पावसाळा असेल तर वीप होलमधून पाण्याच्या धारा लागलेल्या दिसतील. त्या दिसल्या तर पुलाचा निचरा ठीक आहे.